नेमलेलं वाचन, न नेमलेले प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

अभ्यासक्रमात एखादा मजकूर नेमलेला असतो. वीस-पंचवीस पानं, आणि खाली सूचना: वाचा आणि त्यावर आपलं मनन पाचशे शब्दांत लिहा. सारांश मागितला असता तर हात भराभर चालला असता. मनन म्हटलं की पेन अडतं, आणि अडलेल्या पेनातून हमखास एक वाक्य उतरतं, 'हा मजकूर वाचून मी अंतर्मुख झालो.' तपासणाऱ्यापुढच्या गठ्ठ्यात मग वहीमागून वही अंतर्मुख झालेली सापडते.

आयुष्य कशासाठी, मरणाला भ्यावं का, असे प्रश्न मजकुरात आले की विद्यार्थी पान फार लवकर सोडतो. दोन ओळी वाचतो आणि थेट आभाळाला हात लावायला जातो. खरं म्हणजे मोठा प्रश्न हाताला लागतो तो पानावरच, एखाद्या अडचणीच्या वाक्यापाशी.

जगभरच्या वर्गांमध्ये नेमला जाणारा एक मजकूर घेऊ. अथेन्समध्ये लोकांना प्रश्न विचारत हिंडणारा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस, त्याचं न्यायसभेपुढचं भाषण, त्याच्या शिष्याने, प्लेटोने, लिहून ठेवलेलं. खटला इसवी सनापूर्वी ३९९ सालचा, सॉक्रेटिसचं वय सत्तर. यातलं एक वाक्य भिंतीवर लावण्याइतकं प्रसिद्ध आहे: न तपासलेलं आयुष्य माणसाने जगण्यासारखं नसतं. शंभरातल्या कितीही वह्या उघडा, हे वाक्य अवतरणात असतं आणि त्याच्याखाली 'म्हणून आपण सर्वांनी आत्मपरीक्षण केलं पाहिजे' अशी पुस्ती.

आता ते वाक्य भाषणात कुठे येतं ते पाहा. दोषी ठरवणारं मतदान होऊन गेलेलं आहे. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असं तो स्वतःच म्हणतो. अथेन्सच्या रीतीप्रमाणे अशा खटल्यात फिर्यादी एक शिक्षा सुचवतो आणि आरोपी दुसरी. फिर्यादीने मृत्यू मागितलाय. सॉक्रेटिस आधी म्हणतो, मला तर नगराच्या खर्चाने जेवण मिळायला हवं. मग हद्दपारीचा विचार करतो. कुणी म्हणेल, बाबा रे, दुसरीकडे जाऊन गप्प का बसत नाहीस? त्यावरच्या उत्तरात हे वाक्य येतं. म्हणजे ते सुविचार म्हणून उच्चारलेलंच नाही. जीव वाचवणारी वाट समोर असताना ती का घ्यायची नाही, याचं ते कारण आहे. पुढे तो एक मिना (मिना हे तिथलं चलन) दंड देऊ करतो आणि मित्र जामीन राहतात म्हणून तो तीस मिनांवर नेतो.

एवढं पाहिलं की प्रश्नाचा आकार बदलतो. 'आत्मपरीक्षण महत्त्वाचं आहे का' याला सगळेच हो म्हणतील. पण 'गप्प बसण्याच्या बदल्यात सुखाने जगता येत असेल, तर मी काय सोडायला तयार आहे आणि काय नाही' याला उत्तर देताना घाम फुटतो. मनन इथून सुरू होतं.

तर कामाला कसं लागायचं? पहिलं वाचन पेन्सिल न घेता करा. पेन्सिल हातात असली की पहिल्या पानावर सगळंच महत्त्वाचं वाटतं, सातव्या पानापर्यंत सगळा मजकूर अधोरेखित होतो, आणि मग खूण केलेलं आणि न केलेलं यात फरक उरत नाही. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या, पण वीस पानांत पाचच खुणा करायच्या असं ठरवून. सहावी करावीशी वाटली तर आधीची एक खोडा. हा जाच मुद्दाम आहे. कोणती खोडायची हे ठरवताना आपल्याला नेमकं काय टोचलं ते कळतं.

खूण कुठे करायची? जिथे मान डोलते तिथे नको. जिथे वाचता वाचता थांबलात, 'असं कसं?' असं मनात आलं, किंवा लेखकाने एक पायरी गाळलीय असं वाटलं, तिथे करा.

मग वही उघडा. डाव्या पानावर ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, पृष्ठांकासह. प्लेटोच्या बाबतीत एक सोय आहे: १५७८ साली हेन्री एस्तिएन या मुद्रकाने काढलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही बहुतेक भाषांतरांच्या समासात छापतात, त्यामुळे भाषांतर कोणतंही असो, जागा सापडते. आपलं ते प्रसिद्ध वाक्य ३८ व्या पानावर आहे. उजव्या पानावर तारीख घालून आपलं म्हणणं, कच्चं, खाडाखोडीसह. दोन्ही एकाच पानावर लिहू नका. आठवड्याभराने कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं आपलं हेच ओळखू येत नाही, आणि नकळत दुसऱ्याचं वाक्य आपल्या नावावर जातं.

उजव्या पानाचा एक नमुना सांगते. २९ व्या पानावर सॉक्रेटिस म्हणतो की मरणाची भीती बाळगणं म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचं मानणं. मरण वाईटच, हे कुणाला माहीत आहे? युक्तिवाद चोख आहे. विद्यार्थिनीने उजवीकडे लिहिलं, 'पटलं. भीती अज्ञानातून येते.' हे लिहून ती थांबली तर मनन तिथेच संपलं. तिने स्वतःलाच विचारावं, मला मरणातलं नेमकं कशाचं भय वाटतं? पुढे काय आहे ते माहीत नाही याचं, की मागे राहणाऱ्यांचं काय होईल याचं? दुसरं असेल, तर सॉक्रेटिसचा युक्तिवाद त्या भयाला शिवतच नाही. आता पुन्हा मजकुरात जायचं: मागे राहणाऱ्यांबद्दल तो काही बोलतो का? बोलतो. ३४ व्या पानावर सांगतो की मला तीन मुलगे आहेत, एक वयात येत असलेला, दोन लहान. पण दया यावी म्हणून त्यांना इथे उभं करणार नाही. आणि ४१ व्या पानावर, शिक्षा ठरून गेल्यावर, ज्यांनी दोषी ठरवलं त्यांनाच विनवतो की माझी मुलं सद्गुणांपेक्षा पैशाच्या मागे लागली तर मी तुम्हाला जसं छळलं तसं तुम्ही त्यांना छळा. भाषणाच्या अगदी शेवटाला, बापाचं बोलणं. याला निर्भयता म्हणायचं, की काळजीचंच वेगळं रूप? विद्यार्थिनीला लिहायला पाचशे शब्द पुरणार नाहीत.

वाक्य, आपली हरकत, परत मजकूर, मग सुधारलेली हरकत. मधली परत जाण्याची फेरी चुकवली की लेखन आत्मकथन तरी होतं नाहीतर प्रवचन. प्रवचनाची खूण सोपी: 'आपण सर्वांनी', 'आजच्या धकाधकीच्या युगात', 'केलं पाहिजे'. हे शब्द आले की थांबा.

आत्मकथनाबाबत थोडं सावध राहा. ही वही दुसरं कुणी वाचणार आहे. घरातलं दुःख लिहिलं तर लेखन आपोआप खोल होतं, असं नाही. उलट तपासणारा अडचणीत येतो: गुण दुःखाला द्यायचे की विचाराला? स्वतःचा अनुभव दोन-तीन वाक्यांत, मजकुरातल्या ज्या शब्दाशी भिडतो त्याच्या शेजारी ठेवा. बाकीचं आपल्या खासगी वहीत लिहा, तिथे कुणी गुण देत नाही.

लेखकाशी मतभेद असेल तर खुशाल असू द्या. पण आधी त्याचं म्हणणं अशा शब्दांत मांडा की तो समोर असता तर 'हो, हेच म्हणायचं होतं' म्हणाला असता. बऱ्याचदा हे करतानाच हरकत विरघळते. नाही विरघळली तर ती खरी.

पाचशे शब्दांची वाटणी ढोबळ अशी: मजकूर काय म्हणतो ते शंभरात, निवडलेली एकच जागा अडीचशेत, आपल्या जगण्याशी तिचा सांधा शंभरात, आणि उरलेल्या पन्नासात काय सुटलं नाही ते. पाच खुणांपैकी एकच वापरायची, हे जिवावर येतं. पण पाचही वापरल्या की प्रत्येकीला शंभर शब्द येतात, आणि शंभर शब्दांत हरकत धड उभीही राहत नाही.

कच्चा खर्डा एका बैठकीत लिहा, मग एक रात्र जाऊ द्या. सकाळी दोन गोष्टी तपासा. एक, पुस्तकाचं नाव झाकलं तर हे लेखन दुसऱ्या कुठल्याही पुस्तकावर चालेल का? चालत असेल तर ते कुठल्याच पुस्तकावर नाही. दुसरं, प्रत्येक ठाम वाक्य उलटं करून पाहा. 'आयुष्य अर्थपूर्ण असावं' याच्या उलट कोण म्हणेल? कुणीच नाही. मग ते वाक्य काढलं तरी काही बिघडत नाही. बहुधा पहिला परिच्छेद सगळाच जातो, कारण तो हात मोकळा करण्यासाठी लिहिलेला असतो.

वही दिल्यावर आपल्याकडची प्रत टाकून देऊ नका. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मोंतेन्य आपली स्मरणशक्ती दगा देते म्हणून पुस्तक संपलं की शेवटी तारीख आणि आपलं मत लिहून ठेवायचा. तेवढंच करा, फक्त खाली अर्धं पान कोरं सोडा. तोच मजकूर वर्षाने पुन्हा वाचाल तेव्हा त्या कोऱ्या जागेत वेगळ्या शाईने लिहा. जुनं खोडू मात्र नका.

नमस्कार.