जाहिरातींची पानं

हा जाडजूड खंड बघा. एका मोटरसायकल साप्ताहिकाचे 1938 सालचे सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं. नवख्याला वाटतं, घबाडच हाती लागलं. मुरलेला संग्राहक मात्र आधी मुखपृष्ठं आहेत का ते बघतो. बहुतेक वेळा ती नसतात. बांधणीला देताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, अशी तेव्हाची सर्रास पद्धत. लेख जपून ठेवायचे, जाहिराती रद्दीत.

आज जीव टाकून शोधतो ती नेमकी हीच पानं.

एखादी जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करणाऱ्याला विचारा. टाकीवरची रेघ कुठून कुठे जायची, सीट कुठल्या घडणीची, दिवा कुणाचा, हे त्याला जाहिरातीत सापडतं. अर्थात तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. छपाईआधी चित्रावर ब्रशचा हात फिरवलेला असायचा. म्हणून शेजारी त्याच गाडीची रोड टेस्ट हवी. वेग, पेट्रोलचा खप, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबली, सगळं तिथे मोजून दिलेलं असतं.

ब्रिटनमध्ये 'द मोटर सायकल' हे साप्ताहिक 1903 साली सुरू झालं. त्याचं मुखपृष्ठ निळं, तर प्रतिस्पर्धी 'मोटर सायक्लिंग'चं हिरवं. वाचक त्यांना रंगावरूनच ओळखायचे. निळ्यात 'इक्सियन' या टोपणनावाने कित्येक दशकं लिहिणारे बॅझिल डेव्हिस पेशाने पाद्री होते. मग दुसरं महायुद्ध आलं, कागदाचं रेशनिंग झालं आणि अंक रोडावले. त्यात घरोघरची रद्दी युद्धकार्यासाठी गोळा झाली. त्या लाटेत किती जुने गठ्ठे लगद्यात गेले असतील, या विचाराने आजही पोटात कालवतं.

आता हा सुटा अंक, खंडासारखाच 1938 सालचा. कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो, आतल्या आम्लामुळे ठिसूळ होतो. मधल्या पिना गंजल्यात, गंजाभोवती तपकिरी डाग पसरलाय. पिन बाहेरून ओढली तर कागदाचा तुकडाच हातात येतो. म्हणून अंक मध्यावर उघडायचा, बोथट पातळ पात्याने पिनेचे दोन्ही पाय हळूच सरळ करायचे आणि मगच उलट बाजूने ती सोडवायची. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. तिचा डिंक कागदात मुरतो, तो डाग पुन्हा निघत नाही. आडवं ठेवा, कोरड्या जागी, उजेडापासून दूर, आम्लविरहित पाकिटात. बस्स.

शेवटच्या पानांवर जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती आहेत. इथे, दुसऱ्या रकान्यात, साइडकार जोडलेल्या एका गाडीभोवती कुणीतरी पेन्सिलने गोल केलाय. बाजूला आकडा लिहून खोडलाय. पुन्हा लिहिलाय, पहिल्यापेक्षा कमी.

ती गाडी त्याला मिळाली का? पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा आली असती, तर अंदाज बांधता आला असता. पुढच्या आठवड्याचा अंक माझ्याकडे आहे. या जाडजूड खंडात बांधलेला.