चाळिसाव्या तासानंतर

(दृश्य : बंद होत आलेल्या उपाहारगृहाचे स्वयंपाकघर. भिंतीवरचे घड्याळ. खिळ्याला टांगलेली वही.)

न्यू जर्सीतील एखादे लहानसे भारतीय उपाहारगृह डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, शेवटचे गिऱ्हाईक निघून गेले आहे आणि आचारी उद्यासाठी कांदा चिरत उभा आहे. तासाला १६ डॉलर आणि आठवड्याला ५० तास, असा त्याचा हिशेब. मालक दर शुक्रवारी ८०० डॉलर न चुकता हातावर ठेवतो, एक तासही बुडवत नाही. त्यामुळे आपण याचे काही देणे लागतो, हे त्याच्या मनातही येत नाही.

प्रत्यक्षात तो दर आठवड्याला ८० डॉलर देणे लागतो. अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी जून १९३८ मध्ये सही केलेल्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या अमेरिकी कायद्यानुसार आठवड्याच्या ४० तासांपुढील प्रत्येक तासाला दीडपट दर द्यावा लागतो. आपल्याकडे कारखान्यांत हाच दर दुप्पट आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही कल्पना नवी नसावी. हिशेब आठवड्याचा आठवड्याला होतो. या आठवड्यातले ५० तास आणि पुढच्या आठवड्यातले ३० तास मिळवून सरासरी ४० भरली, ही सबब चालत नाही.

(दृश्य : फायलींचे कपाट. एक खण जवळजवळ रिकामा.)

अमेरिकी कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनचा, म्हणजे वेतन आणि कामाचे तास पाहणाऱ्या विभागाचा तपासनीस तक्रारीवरून येऊ शकतो किंवा तक्रार नसतानाही येऊ शकतो, आणि तक्रार झाली असेल तर ती कोणी केली हे मालकाला सांगितले जात नाही. तो पगारपत्रके मागतो, जी ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. रोजच्या तासांच्या नोंदी मागतो, ज्या २ वर्षे ठेवाव्या लागतात. आणि कामगारांशी एकांतात बोलतो. मालकाचे खरे नुकसान बहुधा इथेच सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्स पॉटरीच्या खटल्यात असे ठरवले, की मालकाकडे नोंदी नसतील तर कामगाराचा वाजवी अंदाज पुरेसा मानावा आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. म्हणजे खिळ्यावरची वही कोरी असेल, तर आचाऱ्याची आठवण हाच पुरावा.

आता ८० डॉलर वाढत कुठवर जातात ते पाहा. असे सहा आचारी असतील तर दोन वर्षांची थकबाकी ४९,९२० डॉलर होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि मालकाला आपला प्रामाणिक समज सिद्ध करता आला नाही, तर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून आणखी द्यावी लागते. कायदा जाणूनबुजून मोडल्याचे ठरले, तर तिसरे वर्षही मोजले जाते आणि आकडा १,४९,७६० वर पोहोचतो. कामगारांच्या वकिलाचे शुल्क त्याहून वेगळे. कामगाराकडून ‘माझी काही तक्रार नाही’ असे परस्पर लिहून घेतल्याने सुटका होत नाही. विभागाच्या देखरेखीखाली थकबाकी पूर्ण चुकती केली आणि कामगाराने ती मान्य केली, तर मात्र त्या रकमेसाठी खटला भरण्याचा त्याचा हक्क संपतो. म्हणूनच बरेच मालक तपासनिसासमोर बसून हिशेब मिटवणे पसंत करतात.

मासिक पगार लावला की ओव्हरटाइम टळतो, हा समज कार्यालयांतही पक्का आहे. ओव्हरटाइममधून सूट मिळण्यासाठी आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार तर हवाच, शिवाय कामही व्यवस्थापकाचे, प्रशासकीय किंवा तज्ज्ञाचे असावे लागते. ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये ८४४ झाली आणि नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या संघराज्य न्यायालयाने ती वाढ करणारा नियमच रद्द केल्याने पुन्हा ६८४ वर आली. मधल्या काळात पगार वाढवून बसलेल्या मालकांची पंचाईत झाली ती वेगळीच. संगणक क्षेत्रातील आपल्या लोकांनीही हे ध्यानात घ्यावे, की आज्ञावली लिहिणाऱ्याला मिळणारी सूट हेल्पडेस्कवर फोन घेणाऱ्याला सहसा लागू होत नाही.

(दृश्य : दाराजवळ नवे हजेरी यंत्र. आचारी कार्ड लावतो, मग ओट्याकडे परततो.)

मालकाने आता यंत्र बसवले आहे. साडेदहाला कार्ड लावून आचारी आणखी वीस मिनिटे कांद्यापाशी उभा राहतो, आणि गल्ल्यावर पैसे मोजणारा मालक ते पाहतो, पण काही बोलत नाही. काम सांगितले नसले तरी होऊ दिले, म्हणून कायद्याच्या लेखी तीही वीस मिनिटे कामाचीच आहेत.