तक्ता न करता रेषेचा आलेख: चढ आणि वाय-इंटरसेप्ट

नमस्कार. आलेख कागद, टोक केलेली पेन्सिल आणि पट्टी समोर घ्या. समीकरण आहे २एक्स + ३वाय = १२.

सवयीने आपण तक्ता करायला बसतो. एक्स १ घेतला की वाय येतो १० भागिले ३, म्हणजे ३.३३ आणि पुढे चालूच. हा बिंदू कागदावर नेमका कुठे टेकवणार? अंदाजानेच. चढ, म्हणजे आडवं सरकताना रेषा किती वर किंवा खाली जाते ते माप, वापरला की ही वेळ येत नाही.

आधी वाय एकटा करा. ३वाय = −२एक्स + १२. आता प्रत्येक पदाला ३ ने भागा: वाय = −२/३ एक्स + ४. बरेच जण १२ ला भागतात आणि −२ तसाच ठेवतात. मग रेषा तिप्पट वेगाने उतरते.

सुटा आकडा ४, हा वाय-इंटरसेप्ट. एक्स शून्य असताना वाय ४, म्हणून पहिला बिंदू (०, ४), उभ्या अक्षावर. आडव्या अक्षावर मांडलात तर तो (४, ०) होतो आणि पुढचं सगळं फुकट.

आता चढ, म्हणजे एक्सच्या आधीचा −२/३. छेदातला ३ म्हणजे उजवीकडे ३, अंशातला उणे २ म्हणजे खाली २. पेन्सिल (०, ४) वर ठेवा. तीन उजवीकडे, दोन खाली: (३, २). पुन्हा तसंच: (६, ०). उणे एकदाच वापरायचं, बरं का! खालीही गेलात आणि डावीकडेही, तर उणे-उणे अधिक होऊन रेषा चढायला लागते. डावीकडे जायचं असेल तर तीन डावीकडे, दोन वर: (−३, ६).

हे सगळं एककांत मोजायचं, चौकोनांत नाही. वाय-अक्षावर १ सेमी = २ एकक असं प्रमाण घेतलं असेल, तर दोन खाली म्हणजे १ सेमीच. कोपऱ्यात प्रमाण आधी लिहा, मग मोजा.

पट्टी लावा ती (−३, ६) आणि (६, ०) या लांबच्या बिंदूंना. जवळचे दोन धरले तर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे वाढत जाते. मधले दोन बिंदू आपोआप रेषेवर बसायला हवेत. नाही बसले तर पट्टी सरकवून जुळवू नका, पुन्हा मोजा.

आणि समीकरण एक्स = ४ असेल तर? त्यात वायच नाही, चढ काढता येत नाही. (४, ०) मधून वाय-अक्षाला समांतर रेषा ओढा, झालं.