खालच्या पैलवानाकडे बघा

पत्रिकेत विषय छापलाय ‘कुस्तीतील सुरक्षेचे तंत्र’. ते वाचून तालमीतली काही मंडळी आली असतील, तर आधीच सांगतो: मी बोलणार आहे ते टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल. खुर्च्या, टेबलं, मुखवटे, तीच ती. उठू नका, चहा शेवटी आहे.

माझी एक जुनी तक्रार आहे. ही कुस्ती मला आवडते असं म्हटलं की समोरचा लगेच आवाज खाली आणून सांगतो, ‘ते सगळं ठरलेलं असतं रे.’ चेहरा असा, की घोटाळा यांनीच बाहेर काढलाय! नाटकात नायिका क्षयानं मरते, पहिल्या रांगेतल्या काकू रुमाल काढतात. तिथं कुणी त्यांच्या कानात जाऊन सांगत नाही, की ती बाई उद्या दुपारी दीनानाथला पुन्हा मरणार आहे. हा न्याय फक्त आमच्या पैलवानांना! बरं, ही बातमी कंपनीनं स्वतःच दिलीय. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे या कुस्त्या भरवणाऱ्या आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या लोकांनी अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की आमच्याकडे स्पर्धा नसते, करमणूक असते. सत्याची तळमळ वगैरे काही नाही, क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचा होता. कर वाचणार असेल तर माणूस काय वाटेल ते कबूल करतो. समोर एक सीए बसलेत, तेच जास्त हसतायत.

आमचे आबा लाल मातीतले. गावात केबल आली तेव्हा आम्ही पोरं पैलवानांच्या कार्डांवरून मारामाऱ्या करायचो, आणि अंडरटेकरला सात जन्म आहेत यावर आमचं एकमत होतं. आबा मागं सुपारी कातरत बसायचे. एकदा एका धिप्पाड गड्यानं दुसऱ्याला छातीपर्यंत उचलून पाठीवर आपटला. काका म्हणाले, ‘नाटकी आहेत सगळे.’ आबांनी अडकित्ता थांबवला. ‘वरच्याकडं काय बघतोस? खालच्याकडं बघ की. उडी कोण मारतंय?’

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. सव्वाशे किलोचा माणूस उचलला जातो, कारण तो उचलून घेतो. पायांनी उडी मारतो, एक हात समोरच्याच्या मांडीवर रोवतो आणि स्वतःचं वजन स्वतःच वर नेतो. पडताना हनुवटी छातीला चिकटवतो, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. श्वास सोडतो. दोन्ही हात पसरून तळव्यांसकट चटईवर सपकन मारतो, म्हणजे धक्का एका मणक्यावर न येता सगळ्या पाठीत वाटला जातो, शिवाय आवाजही तोच देतो. टाळ्या मात्र आपटणाऱ्याला! मार खाणारा हाच या धंद्यातला खरा कारागीर आहे, आणि मारणाऱ्याचं पहिलं काम त्याला जपणं.

हे बिघडलं की काय होतं? ३ ऑगस्ट १९९७, पुन्हा न्यू जर्सीच. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध ओवेन हार्ट. ओवेन म्हणजे अत्यंत सफाईदार पैलवान, हे लक्षात ठेवा. त्यानं ऑस्टिनला उलटा धरला, डोकं खाली, पाय वर. या डावात धरणारा गुडघ्यांवर उतरला, तर खालच्याचं डोकं जमिनीच्या वर राहतं. ओवेन गुडघ्यांवर उतरला नाही, त्यानं थेट बैठक मारली. ऑस्टिनचं डोकं ओवेनच्या मांड्यांच्या खाली राहिलं होतं, मान दबली आणि हातापायांतली हालचालच गेली. आता निकाल तर ऑस्टिननं जिंकायचा ठरलेला! मग ओवेननं काय करावं? प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत बसला, वेळ काढत राहिला. लोकांना वाटलं केवढा हा माज. काही वेळानं ऑस्टिन रांगत आला, कसंबसं ओवेनला गुंडाळलं, आणि ओवेन खांदे टेकवून पडून राहिला. ती चीत बघाच कधी, लहान पोरानं सुद्धा सोडवली असती. पुढं ऑस्टिनच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, आणि २००३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याची नियमित कुस्ती संपली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे.’ म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू करतो.

तर तंत्र. रिंगण म्हणजे लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. गादी नव्हे. फळ्या थोड्या लवतात आणि दणकन वाजतात. ठोसा मारताना पाय आपटला की आवाज तिथून येतो, लाथ मारताना स्वतःच्या मांडीवर थाप. छातीवरची उघड्या पंजाची चापट मात्र खरी, वळ उठतात. रक्तही बऱ्याचदा खरंच असायचं: मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या ब्लेडच्या तुकड्यानं स्वतःच कपाळावर चीर. रेफरी फक्त आकडे मोजत नाही. त्याच्या कानात यंत्र असतं, निरोप तोच पोचवतो. त्यानं हातांची फुली केली, की दुखापत खरी. डोक्यावर खुर्ची मारणं डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१० मध्ये बंद केलं. फार उशीर केला, असं माझं मत.

आणि एक राहिलं. हाच ओवेन हार्ट, २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. त्याला छतावरून दोरानं रिंगणात उतरवायचं होतं. झटक्यात सुटणारी कडी वरच सुटली. सत्तर फुटांहून जास्त उंचीवरून तो पडला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता. तिथं त्याला उचलणारा, झेलणारा दुसरा पैलवान नव्हता, सगळी भिस्त एका कडीवर होती. आणि कंपनीनं त्या रात्री उरलेला कार्यक्रम पूर्ण केला. त्यावर मला बरंच बोलायचं होतं, पण अध्यक्ष उभे राहिलेत.