शनिवारचा सामना, रविवारची यादी

(दृश्य: टेक्सासमधील ग्रेपवाइन. हॉटेलातली बैठकीची खोली, लांब टेबल, प्रत्येकासमोर लॅपटॉप. पडद्यावर तारीख: 7 डिसेंबर 2025)

निवेदन:

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत 2025 मध्ये 136 संघ होते. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत जागा फक्त 12. नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण 12 सामने येतात, म्हणजे बहुतेक संघ एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. त्यामुळे सगळ्यांचा मिळून एक गुणतक्ता मांडता येत नाही. हे 12 संघ एक समिती बसून निवडते.

समितीची रचना 13 सदस्यांची. त्यात विद्यापीठांचे क्रीडा संचालक असतात, माजी प्रशिक्षक असतात, माजी खेळाडू असतात. ज्या विद्यापीठाशी सदस्याचा थेट संबंध आहे, त्या संघासाठी त्याला मत देता येत नाही.

मतदानाची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे अनेक वाद तिच्यातूनच निघतात. प्रत्येक सदस्य आधी 30 संघांची स्वतःची यादी करतो. मग त्याला सर्वोत्तम वाटणाऱ्या संघांची नावं देतो. सर्वाधिक मतं मिळालेले सहा संघ चर्चेला येतात. कुणाला हरवलं, कुणाकडून हरले, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं, कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचं, विजेतेपद मिळवलं का, हे सगळं मांडलं जातं. त्यानंतर प्रत्येक जण या सहांना 1 ते 6 क्रमांक देतो. क्रमांकांची बेरीज सर्वांत कमी असलेले तीन संघ यादीत जातात. उरलेले तीन थांबतात, त्यांच्यात नवे तीन येऊन मिळतात आणि पुन्हा मतदान होतं. असं करत करत 25 पर्यंतची क्रमवारी पूर्ण होते.

म्हणजे एखाद्या संघाचं नशीब बऱ्याचदा त्या फेरीत त्याच्या शेजारी कोण आहे, यावर ठरतं.

(दृश्य: दोन याद्या शेजारी शेजारी. डावीकडे 2 डिसेंबर 2025, उजवीकडे 7 डिसेंबर 2025)

या दोन याद्या पाहा. डावीकडे नोटर डेम दहावा, ब्रिघम यंग अकरावा, मायामी बारावा. उजवीकडे मायामी दहावा, नोटर डेम अकरावा, ब्रिघम यंग बारावा. मधल्या पाच दिवसांत मायामी खेळला नाही. नोटर डेमही खेळला नाही. खेळला तो फक्त ब्रिघम यंग. बिग ट्वेल्व्ह या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तो टेक्सास टेककडून 34–7 असा हरला.

तो खाली घसरला आणि मायामी व नोटर डेम यांच्यामधली भिंतच गेली. दोघे शेजारी आल्यावर समितीसमोर थेट तुलना उभी राहिली. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, 31 ऑगस्टला, मायामीनं नोटर डेमला 27–24 असं हरवलं होतं. तो निकाल तीन महिने कागदावर होताच, पण क्रमवारीत दोघांमध्ये अंतर असताना त्याला वजन आलं नव्हतं. मायामी आत गेला. नोटर डेम अकरावा असूनही एका जागेनं बाहेर राहिला, कारण 12 पैकी शेवटच्या दोन जागा पहिल्या बारांबाहेरच्या कॉन्फरन्स-विजेत्यांना थेट प्रवेशानं गेल्या. नंतर त्यानं इतर कुठलाही बोल सामना (हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना) खेळायला नकार दिला.

तिसऱ्याच दोन संघांच्या सामन्यानं हा फैसला केला. आमच्या मते या पद्धतीतला हा सर्वांत मोठा दोष आहे. मायामीला जागा मिळाली ते योग्यच झालं. पण ऑगस्टमधला निकाल महत्त्वाचा होता, तर तो नोव्हेंबरच्या पहिल्या क्रमवारीपासूनच महत्त्वाचा असायला हवा होता.

(दृश्य: बर्मिंगहॅम, लीजन फील्ड, 1992. जुनं चित्रण)

कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याची कल्पना एका आडबाजूच्या नियमातून आली. बारा किंवा अधिक सदस्य असलेली कॉन्फरन्स दोन गटांत विभागली असेल, तर गटविजेत्यांमध्ये एक जादा सामना खेळवता येईल, अशी ती तरतूद होती. मागणी मुळात पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॉलेजांची होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी तिचा उपयोग करून घेतला. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना दाखल झाले, सदस्य बारा झाले आणि 1992 मध्ये पहिला सामना झाला. अलाबामा विरुद्ध फ्लोरिडा.

या सामन्यापायी आपलाच अपराजित संघ हरेल आणि राष्ट्रीय विजेतेपद हातचं जाईल, ही भीती तेव्हाही होती. शेवटच्या चार मिनिटांत गुणफलक 21–21 होता. अलाबामाच्या अँटोनियो लँगहॅमनं फ्लोरिडाचा पास मधेच पकडला आणि थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. 28–21. पुढे अलाबामा राष्ट्रीय विजेताही झाला. भीती मागे पडली आणि इतर कॉन्फरन्सही याच वाटेनं गेल्या.

2014 मध्ये चार संघांची बाद फेरी सुरू झाली, तेव्हा तर हा सामना नसणंच महागात पडलं. टेक्सास ख्रिश्चन शेवटच्या आठवड्यात तिसरा होता. त्यानं आयोवा स्टेटला 55–3 असं लोळवलं आणि तरीही तो सहावा झाला. त्याच्या बिग ट्वेल्व्हमध्ये तेव्हा दहाच संघ होते, म्हणून अंतिम सामना नव्हता. त्याच शनिवारी ओहायो स्टेटनं बिग टेनचा अंतिम सामना तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) घेऊन 59–0 असा जिंकला, चौथी जागा घेतली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही जिंकलं. बिग ट्वेल्व्हनं 2017 पासून आपला अंतिम सामना पुन्हा सुरू केला.

पण नऊच वर्षांत उलटं उदाहरण समोर आलं. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटनं सगळे 13 सामने जिंकले, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही 16–6 असा जिंकला आणि तरी चारांत जागा मिळाली नाही. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला होता आणि त्याच्याशिवाय हा संघ वेगळा आहे, असं समितीनं ठरवलं. अपराजित विजेत्याला वगळणं आम्हाला तेव्हाही अन्याय वाटला, आजही वाटतो. दुखापत झाल्यावरही त्या संघानं एकही सामना गमावला नव्हता. मैदानावरचं उत्तर हाताशी असताना समितीनं अंदाजाला जास्त किंमत दिली.

(दृश्य: अटलांटा, 7 डिसेंबर 2024. जॉर्जिया विरुद्ध टेक्सास)

2024 मध्ये 12 संघांची बाद फेरी आली आणि सगळा हिशेब बदलला. कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाचांना थेट प्रवेश, उरलेल्या सात जागा क्रमवारीनुसार. त्या पहिल्या वर्षी वरच्या चार विजेत्यांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट उपांत्यपूर्व फेरी.

साउथईस्टर्नच्या अंतिम सामन्यात जॉर्जियासाठी ही पुढे चाल पणाला लागली होती. पहिल्या सत्राच्या अगदी शेवटच्या डावात, म्हणजे चेंडू एकदा खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या खेळीत, क्वार्टरबॅक कार्सन बेकच्या उजव्या हाताला, फेकीच्या हाताला, जबर धक्का बसला. कोपराचा अस्थिबंध दुखावला. दुसऱ्या सत्रात गनर स्टॉकटन उतरला आणि सामना जादा वेळेत नेला. तिथे एका धडकेत स्टॉकटनचं हेल्मेट उडालं. हेल्मेट निघालं की खेळाडूला एक डाव बाहेर बसावं लागतं, असा नियम आहे. म्हणून जखमी बेकला पुन्हा मैदानात यावं लागलं. पास फेकणं शक्यच नव्हतं. त्यानं चेंडू ट्रेव्हर एटिएनच्या हातात दिला, एटिएननं टचडाउन केला. जॉर्जिया 22–19 नं जिंकला.

विजेतेपद मिळालं, पुढे चाल मिळाली, क्वार्टरबॅक गेला. उपांत्यपूर्व फेरीत नोटर डेमनं जॉर्जियाला 23–10 असं हरवलं. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्सचा फुटबॉल सदस्य नाही, त्यामुळे त्याला असा जादा सामना खेळावाच लागत नाही.

त्या वर्षी पुढे चाल मिळालेले चारही संघ, ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, पहिल्याच सामन्यात बाद झाले. राष्ट्रीय विजेता ठरला ओहायो स्टेट, जो मिशिगनकडून 13–10 असा हरल्यानं आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोचलाच नव्हता.

बॉइझी स्टेट क्रमवारीत नववा, ॲरिझोना स्टेट बारावा, आणि तरी दोघांना तिसरं-चौथं मानांकन, ही विसंगती 2025 मध्ये दूर झाली. आता पुढे चाल क्रमवारीतल्या पहिल्या चारांना मिळते, कॉन्फरन्स जिंकलेली असो वा नसो. त्या वर्षीही चारांपैकी तिघे, ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सास टेक, पहिल्याच सामन्यात गेले. तरला तो एकटा इंडियाना. तोच पुढे 16–0, म्हणजे 16 विजय आणि एकही पराभव नाही, अशी कामगिरी करत विजेता झाला. अंतिम सामन्यात त्यानं हरवलं मायामीला, आणि मायामीचा क्वार्टरबॅक होता कार्सन बेक.

दोन वर्षांत आठपैकी एकच. एवढ्या थोड्या सामन्यांवरून ठाम निष्कर्ष काढणं घाईचं होईल, पण कारणं उघड दिसतात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारनंतर थेट वर्षअखेरीस किंवा नव्या वर्षात मैदानावर उतरायचं, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त खंड. समोरचा संघ मात्र मधे एक सामना खेळून लयीत आलेला. शिवाय पाच ते आठ मानांकनाच्या संघांना पहिली फेरी घरच्या मैदानावर मिळते. पहिल्या चारांना घरचा सामनाच नाही, त्यांची उपांत्यपूर्व फेरी तटस्थ ठिकाणी होते. आमचं स्पष्ट मत आहे की पहिल्या चारांना उपांत्यपूर्व सामना स्वतःच्या मैदानावर मिळायला हवा. मग शनिवारी जिंकण्याला खरी किंमत येईल.

(दृश्य: शार्लट, 6 डिसेंबर 2025. ड्यूक विरुद्ध व्हर्जिनिया)

हरणाऱ्याचं काय? 2025 मध्ये अलाबामा साउथईस्टर्नचा अंतिम सामना 28–7 असा हरला आणि नवव्या क्रमांकावरच राहिला. ब्रिघम यंग 34–7 असा हरला आणि खाली गेला. ओहायो स्टेट इंडियानाकडून 13–10 असा हरला, पहिल्याचा दुसरा झाला, पुढे चाल शाबूत. टेक्सास ए अँड एम आणि मिसिसिपी हे अलाबामा-जॉर्जियाइतकेच, 7–1 असे, कॉन्फरन्समध्ये बरोबरीत होते. बरोबरी सोडवण्याच्या नियमांत ते मागे पडले, त्या शनिवारी घरी बसले आणि निर्धास्त बाद फेरीत गेले. घरी बसणाऱ्याला जोखीम नाही आणि खेळणाऱ्याला आहे, ही रचना टिकणारी नाही.

मूळ दुखणं मात्र जोडी ठरवण्यात आहे. पूर्वी दोन गट होते, गटातले सगळे एकमेकांशी खेळत, म्हणून गटविजेता बहुधा मैदानावरच ठरे. संघ वाढले आणि 2024 पर्यंत मोठ्या कॉन्फरन्सनी गट मोडले. अटलांटिक कोस्टमध्ये 17 संघ झाले, कॉन्फरन्सचे सामने मात्र आठच. 2025 मध्ये व्हर्जिनिया 7–1 नं पहिला. दुसऱ्या जागेसाठी मायामी, ड्यूक, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि सदर्न मेथडिस्ट असे पाच जण 6–2 वर. पाचही जण एकमेकांशी खेळलेले नाहीत, म्हणून आपसातल्या निकालांवर फैसला होईना. शेवटी ज्यांच्याशी खेळले त्या संघांची कॉन्फरन्समधली कामगिरी मोजली गेली आणि ड्यूक पुढे गेला.

ड्यूकचा एकूण हिशेब होता 7–5. पाचांपैकी तीन पराभव कॉन्फरन्सबाहेरचे, इलिनॉय, टुलेन आणि कनेक्टिकटविरुद्ध, म्हणून तक्त्यात ते दिसलेच नाहीत. ड्यूकनं व्हर्जिनियाला जादा वेळेत 27–20 असं हरवून विजेतेपद घेतलं. पण पाच पराभवांच्या या विजेत्याला समितीनं पहिल्या पंचवीसांत धरलं नाही. थेट प्रवेशाच्या जागा टुलेन आणि जेम्स मॅडिसन या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना गेल्या. नियमानुसार ते अगदी बरोबर होतं. एका मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता मात्र बाहेर राहिला, आणि त्याच कॉन्फरन्समधून अंतिम सामना न खेळलेला मायामी आत गेला.

(दृश्य: कॉन्फरन्सचा तक्ता. एका संघाचे न खेळलेले प्रतिस्पर्धी राखाडी रंगात)

साउथईस्टर्न 2026 पासून आठऐवजी नऊ सामने कॉन्फरन्सअंतर्गत खेळवणार आहे. 16 संघांत प्रत्येकाचे 15 संभाव्य प्रतिस्पर्धी. नऊ भेटतात, सहा राहतात. बिग टेनमध्ये 18 संघ आणि नऊ सामने, म्हणजे आठ राहतात. आठवे-नववे सामने ठरवताना वरच्या संघांची आपसात गाठ पडेल अशी आखणी केली, निदान शेवटचे दोन आठवडे तक्ता पाहून जोड्या लावण्यासाठी मोकळे ठेवले, तर बरोबऱ्या मैदानावर सुटतील. प्रवासाची तिकिटं, प्रक्षेपणाच्या वेळा आणि घरच्या सामन्यांची समान वाटणी या तीन अडचणी त्यात आहेत. त्या खऱ्या आहेत, पण पाच संघांच्या बरोबरीपेक्षा सोडवायला सोप्या आहेत.