मी आता कुठे आहे? : जुनी प्रवासी विमाने आणि घरातले कॉकपिट

(विलेपार्ल्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेची सुरुवात म्हणून ही तारीख आपल्याला ठाऊक असते. मला मात्र त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा नेहमी एका प्रश्नाच्या रूपात दिसतो. होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ एवढ्या भांडवलावर, आपण या क्षणी नेमके कुठे आहोत हे त्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा कसे ठरवले असेल? गेली काही वर्षे संध्याकाळी घरी बसून मी हाच प्रश्न सोडवत असते, आणि आजचे बोलणेही त्याच्याभोवतीच असणार आहे.

मी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर भाच्याने माझ्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान चालवण्याचा हुबेहूब अनुभव देणारा कार्यक्रम, बसवून दिला आणि पहिल्या दिवशी एक आधुनिक एअरबस उडवून दाखवली. मार्ग आधीच संगणकात भरला होता. पडद्यावर एक रंगीत रेघ उमटली आणि त्या रेघेवरून विमानाचे छोटे चित्र मुंबईपासून दिल्लीपर्यंत सरकत गेले. असे विमान हाताळणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर तिथे प्रश्न पडण्याआधीच मिळते, आणि माझे मन रमले ते त्यानंतर उघडलेल्या डाकोटात.

डाकोटा म्हणजे डग्लस डीसी-3. ते पहिल्यांदा उडाले 17 डिसेंबर 1935 रोजी. तिसरे चाक शेपटीखाली असल्यामुळे जमिनीवर त्याचे नाक आकाशाकडे असते आणि समोरचे काही दिसत नाही. धावपट्टीपर्यंत नागमोडी जात एकदा डावीकडच्या, एकदा उजवीकडच्या खिडकीतून वाट पाहावी लागते. वेग घेताना ते डावीकडे ओढ घेते, आणि शेपटी उचलेपर्यंत उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, सांभाळावा लागतो. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी हेच विमान सुचवते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये 2022 च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीपासून ते समाविष्ट आहे.

आता अहमदाबादहून जुहूकडे निघू. अंतर सुमारे 240 नॉटिकल मैल. डाकोटाचा वेग 140 नॉट, म्हणजे ताशी 140 नॉटिकल मैल, धरला तर पावणेदोन तासांहून थोडा कमी वेळ लागेल. नकाशावर पट्टी ठेवून दिशा काढली, घड्याळ लावले, आणि नाक त्या दिशेला धरले. परंतु पश्चिमेकडून 20 नॉटचा वारा वाहत असेल आणि त्याची दखल घेतली नसेल, तर पावणेदोन तासांत तो वारा विमानाला सुमारे 35 नॉटिकल मैल पूर्वेला नेऊन ठेवतो. ढगांतून खाली आल्यावर समोर जुहूची चौपाटी दिसत नाही, कर्जतच्या मागचे सह्याद्रीचे कडे दिसतात. मी पहिल्यांदा हा प्रवास केला तेव्हा माझे असेच झाले. वर्गात सदिशांची बेरीज मी असंख्य वेळा फळ्यावर मांडली होती, पण वाऱ्याची बाजू न मांडलेला त्रिकोण माणसाला कुठे नेतो हे मला त्या संध्याकाळी कळले.

पुढे रेडिओची साधने आली. एडीएफ या साधनाचा काटा फक्त बीकनची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ-केंद्राची, दिशा दाखवतो. व्हीओआर हे त्याहून सुधारित साधन, आपण केंद्राच्या कोणत्या दिशारेषेवर आहोत ते सांगते, आणि डीएमई अंतर देते. दोन केंद्रांच्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आपण असतो. जगभर अनेक जुने बीकन आता बंद झाले आहेत. हौशी मंडळी जुन्या नकाशांवरून त्यांच्या जागा आणि फ्रीक्वेन्सी शोधून सिम्युलेटरच्या जगात ते पुन्हा बसवतात. एखाद्याने गावातल्या बुजलेल्या विहिरी शोधून नकाशावर मांडाव्यात, तसे हे काम मला वाटते.

एअर इंडियाची बोइंग 707 विमाने 1960 मध्ये आली. रोल्स-रॉइसची चार कॉनवे इंजिने असलेल्या या विमानांना नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा अशी हिमशिखरांची नावे होती. वैमानिक आणि सहवैमानिक यांच्याबरोबर फ्लाइट इंजिनिअर आणि लांबच्या मार्गांवर विमानाची जागा आणि वाट काढणारा नॅव्हिगेटर असे. घरी मी एकटीच असते, त्यामुळे चौघांची कामे एकामागून एक करावी लागतात, आणि प्रत्येकाचे काम किती मोठे होते हे तेव्हा लक्षात येते. मला सर्वांत आदर वाटतो तो फ्लाइट इंजिनिअरबद्दल. त्या काळच्या जेट विमानांत एक जनरेटर दुसऱ्याला जोडायचा असेल तर दोघांचा मेळ साधावा लागे. मेळ बसत नाही तोवर दिवे उजळत-विझत राहत, आणि ते विझलेले असताना नेमक्या क्षणी स्विच लावायचा असे. आज हे काम यंत्रणा आपोआप करते. ते आपोआप होणे योग्यच आहे, आणि ‘जुने तेच खरे उड्डाण’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आजचा विमानप्रवास अधिक सुरक्षित आहे, त्यात या यंत्रणांचाही वाटा आहे.

खाली उतरण्याचा हिशेबही वैमानिकाने तोंडीच करायचा असे. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे 35 हजार फुटांवरून उतरायला 105 मैल. मिनिटाला सात मैल वेग असेल तर पंधरा मिनिटे, आणि दर मिनिटाला साधारण 2300 फूट उतार. आखातातून मुंबईकडे येताना हा बिंदू भर समुद्रावर येतो. रात्री खाली एकही खूण नसते, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, मागे घेण्याचा निर्णय केवळ या त्रैराशिकावर घ्यायचा असतो. उशीर केला तर विमान वेगात आणि उंच राहते; घाई केली तर समुद्रावर खालच्या उंचीवरून इंधन जाळत यावे लागते. शिवाय त्या पिढीची जेट इंजिने मंद स्थितीतून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतात, म्हणून उतरताना त्यांना अगदी झोपू देऊन चालत नाही.

या छंदात एक जागा अशी आहे जिथे मी आवाज खाली आणून बोलते. 24 जानेवारी 1966 रोजी ‘कांचनजंगा’ हे 707 जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व 117 जण मृत्युमुखी पडले; त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानातल्या दोन व्हीओआर यंत्रांपैकी एक बंद होते. चौकशीचा निष्कर्ष असा की पर्वताच्या संदर्भात आपण कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. रडारवरील नियंत्रकाच्या ती चूक लक्षात आली होती, पण त्याने दिलेली सूचना पुरेशी नेमकी नसल्यामुळे तिचा गैरसमज झाला. अपघाताचे खेळात रूपांतर करणे मला मान्य नाही, आणि मी तो कधी पुन्हा उभा केलेला नाही. मात्र एक व्हीओआर बंद ठेवून मी जिनिव्हाकडे उतरले आहे. छेदणारी दुसरी रेषाच नसते तेव्हा मन स्वतःच ती रेषा काढते, आणि तिच्यावर विश्वास ठेवते. मी घरातल्या खुर्चीत बसलेली असतानाही पर्वत मागे गेला याची मला खात्री वाटली होती, आणि तो मागे गेलेला नव्हता.

बोइंग 747 आल्यावर इनर्शियल यंत्रणा आली; बाहेरच्या कोणत्याही संकेताशिवाय, विमानाच्या हालचालींवरूनच ती जागा काढते. तिला उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश टंकून द्यावे लागत आणि एका वेळी मार्गावरचे नऊच बिंदू तिच्यात मावत. ती पृथ्वीचे परिवलन मोजते, त्यामुळे अक्षांश चुकला तर तिला संशय येतो. रेखांश चुकला तर तिला कळत नाही, आणि तीच चूक ती लंडनपर्यंत निष्ठेने वाहून नेते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी फेलिस या निर्मात्याने केलेल्या 747-200 मध्ये हे यंत्र आहे. अशा विमानांचे निर्माते मूळ मार्गदर्शक पुस्तिका वाचून एकेक स्विच जिवंत करतात. उडत्या स्थितीतले 707 आज मुंबईकराला कुठे पाहायला मिळणार? त्याची कार्यपद्धती हातांनी शिकायची असेल तर ती या कामातच उरली आहे.

शेवटी आपल्या घराजवळ येऊ. सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या, पूर्वेकडे तोंड असलेल्या 09 धावपट्टीवर समुद्राकडून येताना वाटेतच, काही किलोमीटर अलीकडे, जवळजवळ त्याच दिशेची जुहूची धावपट्टी लागते. 1953 मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि 1972 मध्ये एका जपानी कंपनीचे डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. पुस्तकात वाचताना मला हे अविश्वसनीय वाटले होते. सिम्युलेटरमध्ये एका धूसर पहाटे 707 घेऊन आले तेव्हा किनाऱ्यामागे पहिली धावपट्टी दिसली, ती बरोबर नाकासमोर होती, आणि थकलेल्या डोळ्यांना ती हवीहवीशी वाटली. तेव्हापासून मी बाहेर पाहण्याआधी डीएमईचा आकडा मोठ्याने वाचते, आणि जुहूची पट्टी नाकाखालून मागे गेल्याशिवाय थ्रॉटल मिटत नाही.