कॉइल कुठे बसवायची? मॉरिस मायनरच्या बोनेटखाली

(दृश्य : बोनेट वर जातं. मधली सपाट पट्टी जवळून.)

बोनेटवर मधोमध ही सपाट पट्टी दिसतेय, ती शोभेसाठी केलेली नाही. मॉरिस मायनरचा नमुना तयार झाला तेव्हा गाडीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांना गाडी फार अरुंद वाटली. त्यांनी ती सरळ उभी कापायला लावली. दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले आणि रुंदी 4 इंचांनी वाढवली. ते वाढीव 4 इंच म्हणजे ही पट्टी. 1948 साली लंडनला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातून ती पुढे वीसेक वर्षं बाहेर पडत राहिली, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हिचीच ‘बेबी हिंदुस्तान’ काढली होती.

ही गाडी 1959 ची, मायनर 1000. इंजिन 948 सीसी. मालक मूळचे कोल्हापूरचे, नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आले आणि इथलेच झाले. सगळे त्यांना काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू.

(दृश्य : इंजिनची उजवी बाजू. रिकामी जागा, लोंबणाऱ्या वायरी.)

आम्ही पोहोचलो तोवर डायनामो, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारं जुनं यंत्र, निघाला होता. फळीवर तो पडलाय तो बघा : जाड लोखंडी नळकांडं, पाठीवर पत्र्याची पट्टी. या पट्टीत इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा डबा, बसायची. म्हणजे मॉरिसने कॉइल थेट डायनामोच्या पाठीवर दिली होती. आज कुणी असं केलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण तेव्हाच्या मांडणीत त्यात सोय होती. प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर त्याच बाजूला, हातभर अंतरावर. कॉइलची जाड वायर आखूड राहते. इंजिन बाहेर काढलं तर इग्निशनचं सगळं सामान त्याच्याबरोबर निघतं.

मग डायनामो बदलायचा कशासाठी? थंडीत सकाळी दिवे लावून, वायपर आणि हीटर चालवत गाडी सिग्नलला उभी राहिली की डायनामोचा दम संपतो. आयडलिंगला तो बॅटरी चार्जच करत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो. त्याची ताकद पुऱ्या वेगातही 20 अँपिअरच्या आसपास. त्याच्या जागी काकांनी लुकास कंपनीचाच 17 एसीआर अल्टरनेटर आणलाय, वीज बनवणारं नंतरच्या काळातलं यंत्र, 36 अँपिअरचा.

(दृश्य : अल्टरनेटर हातात फिरतो. फटींतून आतली तांब्याची गुंडाळी.)

आणि इथे प्रश्न उभा राहतो. या अल्टरनेटरला पाठच नाही! अ‍ॅल्युमिनियमचं फटीफटींचं अंग, कॉइलची पट्टी धरेल असा सपाट भाग कुठेच नाही. शिवाय तो स्वतःच तापतो. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या त्याच्या आतल्या डायोडना उष्णता सोसत नाही, कॉइललाही सोसत नाही. दोघांना एकमेकांच्या अंगावर बसवण्यात अर्थ नाही.

(दृश्य : जुनी कापलेली कॉइल टेबलावर. बोट गुंडाळ्यांवरून फिरतं.)

कॉइलला उष्णतेचं एवढं वावडं का, ते या कापलेल्या कॉइलमध्ये दिसतं. बाहेरच्या बाजूला जाड तारेचे काहीशे वेढे. आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. मध्ये लोखंडी पट्ट्यांचा गाभा, आणि भोवती तेल. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधली उघडझाप करणारी टोकं, मिटलेले असताना जाड तारेतून बॅटरीची वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. तीच ठिणगी. चार सिलिंडरच्या या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100.

जाड तारेचा रोध 3 ओहमच्या आसपास. 12 व्होल्टवर हिशेब करा : 4 अँपिअर, म्हणजे 48 वॉट. इंजिन चालू असताना पॉइंट उघडझाप करतात, म्हणून सरासरी कमी पडते. पण इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर ते सगळे 48 वॉट या डब्यात मुरत राहतात. तेल ती उष्णता पत्र्यापर्यंत आणतं. पुढे ती हवेत जायला हवी. भोवतालची हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठे?

(दृश्य : काका कॉइल हातात घेऊन एकेका जागी धरून दाखवतात.)

जागा शोधणं हा या कामातला सगळ्यात रंगतदार भाग. काकांच्या हातात कॉइल, मुलीच्या हातात टॉर्च.

पहिली जागा टॅपेट कव्हरशेजारी, हेडच्या बोल्टवर ब्रॅकेट लावून. वायर सगळ्यात आखूड इथेच होते. पण इंजिनची सगळी धग आणि सगळी थरथर इथेच. थरथरीने आतली बारीक तार तुटते.

डावी बाजू? तिथे एक्झॉस्ट. विषय संपला.

पुढे ग्रिलमागे? हवा भरपूर, पण इंग्लंडचा पाऊसही भरपूर. मिनी या छोट्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर ग्रिलमागे आला आणि पावसात गाडी बंद पडण्याची तक्रार तिला कायमची चिकटली.

फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा? तिथे पेट्रोलचा पंप आहे, वायरही लांब ओढावी लागते. काका मान हलवतात.

उरला उजव्या मडगार्डचा आतला पत्रा. डिस्ट्रिब्यूटर समोर, एक्झॉस्ट पलीकडे, आणि हा पत्रा इंजिनबरोबर थरथरत नाही. मुलीने ड्रिल उचललं.

“बाबा, इथे भोक पाडू?”

“भोक नाही पाडायचं. तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ती.”

(दृश्य : शिकंज्यात पत्रा वाकवणं, कानशीचा आवाज. संगीत नको.)

ब्रॅकेट घरीच बनतंय. दोन मिलिमीटरचा पत्रा, काटकोनात वाकवलेला. मडगार्डच्या पत्र्यावर आधीपासून एक बोल्ट आहे, त्याच्याखाली हे दाबून बसेल. उद्या कुणाला मूळ डायनामो परत लावावासा वाटला तर पाना फिरवायचा, ब्रॅकेट काढून घ्यायचं. बाजारात तयार किट मिळतात, त्यांतल्या कितीकांच्या कागदावर पहिलीच सूचना भोक पाडण्याची असते. साठ-पासष्ट वर्षं गंजापासून वाचलेल्या पत्र्याला आपण होऊन भोक!

कॉइल उभी बसतेय, टर्मिनल वर. तेल भरलेल्या कॉइलमध्ये थोडी हवेची जागा असते. उभी ठेवली की ती वर राहते आणि गुंडाळी तेलात बुडून राहते. हा नियम दगडावर कोरलेला नाही म्हणा. फोक्सवॅगन बीटलने पंख्याच्या आवरणावर आडवी-तिरपी कॉइल लाखो गाड्यांत चालवली. पण उभी बसायला जागा असताना आडवी कशाला?

अनेकजण कॉइलच्या डब्याखालचा रंग खरवडतात, अर्थिंग मिळावं म्हणून. पॉइंटच्या इग्निशनला त्याची गरज नाही. पट्टी फक्त घट्ट हवी, आणि वायर कुठे घासायला नको.

(दृश्य : टर्मिनलवरची अक्षरं, एसडब्ल्यू आणि सीबी.)

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ही गाडी जन्माने पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं; अल्टरनेटर मात्र निगेटिव्ह अर्थचा. बॅटरीची जोडणी उलटी केली म्हणजे कॉइलच्या वायरीही उलटायला हव्यात. पूर्वी एसडब्ल्यूला चावीची वायर होती, सीबीला डिस्ट्रिब्यूटरची. आता अदलाबदल. नाही केली तरी गाडी सुरू होते, म्हणूनच फसगत होते. स्पार्क प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं, तिथून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ते टोक निगेटिव्ह ठेवायचं. उलटं झालं तर त्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंडीत, चढावर इंजिन अडखळतं.

(दृश्य : इंजिन सुरू. काकांचा तळवा कॉइलवर.)

बराच वेळ इंजिन चालवून झाल्यावरही हात ठेवता येतोय. जुना पॉझिटिव्ह अर्थचा रेडिओ मात्र आता बिनकामाचा आणि डायनामोची वीज आवरणारी रेग्युलेटरची पेटी नुसती वायरी जोडण्यापुरती.

(दृश्य : संध्याकाळ. हेडलाइट लागतात, वायपर फिरतात. लाल दिवा विझलेला.)

पुढच्या आठवड्यात हेडलाइटला हॅलोजन बल्ब. काकांनी ते आणून ठेवलेत कधीचेच.